सण एका दिवसाचा, नेम रोजचा

नाताळ जवळ आला की ख्रिस्ती वस्त्यांवर एक वेगळीच कळा येते. दारांवर कागदी चांदण्या झुलू लागतात, ओसरीवर गोठ्याचा देखावा उभा राहतो, तळणाचा वास गल्लीभर दरवळतो आणि चोवीस तारखेच्या रात्री चर्चमध्ये उभे राहायलाही जागा उरत नाही. या सोहळ्याविषयी दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते आणि ते रास्तही आहे. परंतु सव्वीस डिसेंबरच्या संध्याकाळी, पाहुणे परतल्यावर, त्याच घरात काय घडते याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. आमच्या मते ख्रिस्ती माणसाची श्रद्धा वाढते की खुरटते, याचा निकाल अशा साध्या आणि कोणाच्या लक्षात न राहणाऱ्या संध्याकाळीच लागतो. म्हणून आजच्या पानावर सणाचे वर्णन इतरांवर सोपवून आम्ही त्या रोजच्या नेमाविषयी चार शब्द लिहीत आहोत.

नाताळच्या मूळ कथेतच या नेमाचे बीज आहे. संत लूकने आपल्या शुभवर्तमानात बेथलेहेमच्या त्या रात्रीचे वर्णन केले आहे. मेंढपाळ धावत येतात, गव्हाणीतले बाळ पाहतात, जे ऐकले-पाहिले ते सर्वांना सांगतात आणि देवाची स्तुती करीत आपापल्या कळपांकडे परततात. ऐकणारे थक्क होतात. यानंतर लूक एका छोट्याशा वाक्यात मरियेकडे वळतो. तिने या साऱ्या गोष्टी अंतःकरणात जपून ठेवल्या आणि त्यांवर ती मनन करीत राहिली, असा त्याचा आशय आहे. पुढे बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात हरवून सापडतो, त्या प्रसंगीही लूक तिच्याविषयी जवळजवळ हेच सांगतो. मेंढपाळांचा आनंद खराच होता, पण तो एका रात्रीचा होता. मरियेला मूल वाढवायचे होते. नाझरेथच्या त्या घरातील सुमारे तीस वर्षांविषयी शुभवर्तमाने जवळजवळ मौन पाळतात. योसेफ तर चारही शुभवर्तमानांत एकदासुद्धा बोललेला आढळत नाही! पाणी, पीठ, रंधा आणि करवत यांच्या संगतीत गेलेल्या त्या अबोल वर्षांकडे पाहूनच पुढे ख्रिस्ती परंपरेने रोजच्या प्रार्थनेचा विचार केला.

मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. दिवेलागणीला शुभंकरोति, त्यानंतर मुलांचा परवचा, वारकऱ्याच्या घरी हरिपाठ, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता. ख्रिस्ती घरांतही दिवसाची अशीच वाटणी असे आणि पुष्कळ घरांत ती अजून आहे. कॅथलिक चर्चची घंटा पहाटे, मध्यान्ही आणि सायंकाळी वाजते. तिला अँजेलसची घंटा म्हणतात. देवदूताने मरियेला दिलेला निरोप आणि तिने दिलेला होकार यांचे स्मरण त्या वेळी करावयाचे. प्रार्थना दोन मिनिटांची. पण हातातले काम थांबवून उभे राहायचे, ही तिची खरी शिस्त. फ्रेंच चित्रकार मिले याने १८५७ ते १८५९ च्या दरम्यान रंगविलेले याच नावाचे चित्र जगप्रसिद्ध आहे. बटाट्याच्या शेतात एक शेतकरी आणि त्याची बायको मान खाली घालून उभी आहेत. जमिनीत काटेरी फावडे रोवलेले, शेजारी टोपली ठेवलेली, दूर क्षितिजावर चर्चचे शिखर. वसईच्या वाड्यांत केळी आणि भाजीपाल्याला पाणी लावणाऱ्या माणसाने सायंकाळची घंटा ऐकून डोक्याचा रुमाल काढावा, तसेच ते दृश्य. गोव्यात ही प्रार्थना झाली की घरातली मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून आशीर्वाद मागतात. त्याला तेथे ‘बेसांव’ असा शब्द आहे. तो पोर्तुगीजांकडून आला, पण त्यामागचा भाव आपल्या सांजवेळच्या नमस्कारापेक्षा वेगळा नाही.

यानंतर जपमाळ. गोव्यात तिला ‘तेर्स’ म्हणतात, वसईत बहुतेक ठिकाणी ‘रोझरी’च. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात केवळ पुनरुक्ती दिसते. एक प्रभूची प्रार्थना, मागोमाग दहा वेळा ‘नमो मरिया’, असे पाच वेळा. परंतु ज्याने ती समजून म्हटली आहे त्याला ठाऊक असते की मणी बोटांसाठी असतात आणि मनासाठी दुसरेच काही असते. दर दहा मण्यांच्या आरंभी ख्रिस्ताच्या चरित्रातला एक प्रसंग डोळ्यांपुढे ठेवायचा असतो. या प्रसंगांना ‘रहस्ये’ म्हणतात. आनंदाची, दुःखाची आणि गौरवाची अशी त्यांची पूर्वापार वाटणी होती. २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तीत प्रकाशाच्या रहस्यांची भर घातली. म्हणजे बेथलेहेमचा जन्म हा जपमाळ म्हणणाऱ्याला फक्त डिसेंबरात भेटत नाही. आनंदाच्या रहस्यांतले ते तिसरे रहस्य आहे, आणि भर वैशाखातही आठवड्यातून एकदोनदा त्या गव्हाणीपाशी जाऊन यावे लागते. घरातली लहान मुले अर्ध्यावर पेंगतात, आजीचा आवाज मात्र शेवटच्या मण्यापर्यंत टिकतो, हे कोणत्याही ख्रिस्ती घरातले परिचित दृश्य!

घरच्या भाषेतली प्रार्थना

या घरगुती प्रार्थनेला आपल्या भूमीत मोठा इतिहास आहे. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले, तेव्हा ते हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुले आणि नोकरचाकर गोळा करीत आणि त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेत. शिकलेली प्रार्थना मुलांनी घरी जाऊन आईबापांना शिकवावी, हा त्यामागचा हेतू. त्यांच्यानंतर १५७९ साली आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने तर आपले सारे आयुष्य येथल्या भाषेला वाहिले. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे मराठी काव्य रोमन लिपीत छापावे लागले, कारण देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाला लॅटिनमधली मिस्सा कळत नसे. त्याच्या कानांना सवय होती ती पुराणाच्या आणि ओवीच्या लयीची. स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा त्या लयीत बसविली, आणि ती रविवारी व सणावारी देवळांत वाचली जाऊ लागली. त्याच्याच हातचे कोंकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाचे पुस्तक त्याच्या निधनानंतर, १६२२ साली, प्रसिद्ध झाले.

पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा तीन वर्षांत सोडून देण्याचे फर्मान काढले. फर्माने निघतात आणि जुनी होतात. ख्रिस्तपुराण हस्तलिखितांतून जगले, आणि १९०७ साली मंगळूरच्या जोसेफ साल्ढाणा यांनी अशा हस्तलिखितांच्या आधारे ते पुन्हा छापले. मधल्या त्या सव्वादोनशे वर्षांत हा ग्रंथ कोणी जपला? ज्यांनी तो नकलून घेतला आणि उघडून वाचला, त्या माणसांनी. भाषेचा आणि प्रार्थनेचा संसार तो असा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, मिस्सा मराठीत होऊ लागली. तोवर वेदीवरच्या लॅटिनपेक्षा घरातली सायंप्रार्थनाच भाविकाच्या अधिक जवळची होती.

प्रॉटेस्टंट मंडळींचा मार्ग थोडा वेगळा. तेथे जपमाळ नाही; पवित्र शास्त्राचे रोजचे वाचन, त्यावर मनन, एखादे गीत आणि उत्स्फूर्त प्रार्थना असा त्यांच्या कौटुंबिक उपासनेचा क्रम असतो. या उपासनेला अस्सल मराठी वळण दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, परंतु तुकोबांना ते विसरले नाहीत. ख्रिस्ताकडे आपल्याला नेण्यात तुकोबांचाही वाटा आहे, हे त्यांनी कधी लपविले नाही. अभंग, भजन, कीर्तन ही आपली जुनीच साधने हाती घेऊन त्यांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्या हृदयाची भाषा मिळवून दिली. टिळकांच्या घरात काही काळ एका छपराखाली दोन धर्म नांदत होते. लक्ष्मीबाईंनी १९०० साली बाप्तिस्मा घेतला तो नवऱ्याच्या आग्रहामुळे नव्हे, तर आपल्या मनाची खात्री पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या घरातला विनोद, भांडणे आणि उपासमार यांच्याबरोबरच ही हळूहळू होत गेलेली वाढही आठवत असेल. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केले.

येथे पंडिता रमाबाईंचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. केडगावच्या मुक्तिसदनात राहून त्यांनी बायबलचे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत भाषांतर केले. बायकांना, अगदी थोडे शिकलेल्यांनाही, वाचता यावे अशी साधी मराठी त्यांना हवी होती. मुक्तिसदनातल्या स्त्रियांनीच खिळे जुळविण्याचे आणि छापण्याचे काम केले. १९२२ साली रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. आमच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहून हीच वाट पुढे नेली. २०१३ साली त्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २०२४ च्या जुलैत ते निवर्तले. स्टीफन्सपासून दिब्रिटोंपर्यंतच्या या चारशे वर्षांच्या खटाटोपामागे एकच साधी जाणीव दिसते. माणूस ज्या भाषेत भांडतो आणि रडतो, त्याच भाषेत त्याला प्रार्थना करता आली पाहिजे.

दिवसाचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. प्रार्थना रोज म्हटली म्हणजे आत्मा वाढलाच, असे आहे काय? तसे असते तर तोंडपाठ असलेला प्रत्येक माणूस संत झाला असता. प्रभू येशूने स्वतःच शब्दांच्या नुसत्या वटवटीविषयी शिष्यांना सावध केले आहे. म्हणूनच ख्रिस्ती परंपरेने प्रार्थनेच्या जोडीला आत्मपरीक्षण ठेवले. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याची एक पद्धतच घालून दिली आहे.

ही पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. दिवस संपताना माणसाने प्रथम मिळालेल्या देणग्यांबद्दल देवाचे आभार मानावेत. लक्षात घ्या, आरंभ पापाने नाही, कृतज्ञतेने आहे. मग आपले आपल्याला दिसावे म्हणून प्रकाश मागावा, कारण स्वतःच्या बाबतीत माणूस फार आंधळा असतो. त्यानंतर सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून जाऊ द्यावा. कोणाशी काय बोललो, काय मनात आले, कोठे हात आखडला. जे चुकले त्याची क्षमा मागावी आणि उद्याविषयी एखादा छोटा निश्चय करावा. दहापंधरा मिनिटांत हे आटोपते. एखाद्या विशिष्ट खोडीवर मात करायची असेल तर इग्नेशियसने त्याहून बारकाईची युक्ती सांगितली आहे. कागदावर आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन-दोन रेघा ओढाव्यात आणि ती चूक जितक्या वेळा घडली तितके ठिपके दुपारी एका रेघेवर व रात्री दुसऱ्या रेघेवर टाकावेत. मग दुपारची रात्रीशी, आजची कालशी आणि या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करावी. इग्नेशियस मूळचा सैनिक. परंतु या ठिकाणी तो रोजकीर्द लिहिणाऱ्या वाण्यासारखा काटेकोर दिसतो. आम्हाला या ठिपक्यांचे मोठे कौतुक वाटते. भव्य संकल्प करणारी माणसे पुष्कळ असतात. आपण आज किती वेळा खेकसलो हे मोजणारी थोडी.

या हिशेबाची खरी कसोटी घरातच लागते. प्रभूच्या प्रार्थनेत एक मागणी अशी आहे की तिच्यात मागणारा स्वतःलाच बांधून घेतो. आम्ही इतरांना क्षमा करतो त्या मापाने तू आम्हाला क्षमा कर, असा तिचा अर्थ. आमच्या माहितीतल्या वसईकडच्या एका घरात दोन भावांचे विहिरीवरच्या पंपावरून बिनसले. विजेचे बिल कोणी भरायचे येथून सुरुवात झाली आणि प्रकरण वाडीच्या बांधापर्यंत गेले. दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या, बोलणे बंद पडले. म्हातारी आई थोरल्याकडे. सायंकाळची प्रार्थना तिने एक दिवसही चुकू दिली नाही. थोरला रोज बसे, मोठ्याने म्हणे. पण प्रभूच्या प्रार्थनेतले ते एक वाक्य आले की त्याचे ओठ मिटत. इतरांच्या आवाजात ते लपून जाई, निदान त्याला तसे वाटे. आईच्या कानांनी ते पहिल्याच आठवड्यात टिपले होते. ती त्याला काही बोलली नाही. तिने एवढेच केले की त्या वाक्याशी आल्यावर ती आपला वेग कमी करू लागली. प्रायश्चित्तकाळ येईपर्यंत पाच-सहा महिने हे असेच चालले. एका रात्री प्रार्थना अर्धी टाकून थोरला उठला आणि धाकट्याच्या दारात जाऊन उभा राहिला. त्याने क्षमा वगैरे मागितली नाही. ‘उद्या पाण्याची पाळी तुझी,’ एवढेच म्हणाला. बांधाचा वाद पुरता मिटला आहे, असे आजही म्हणता येत नाही. पण मुले या घरातून त्या घरात जेवायला जातात आणि प्रार्थनेला दोन्हीकडची माणसे एकत्र बसतात.

त्या पाच-सहा महिन्यांत थोरल्याची प्रार्थना व्यर्थ जात होती काय? वरवर पाहता तो ढोंग करीत होता. आम्हाला मात्र तो त्या घरातला सर्वांत प्रामाणिक प्रार्थना करणारा वाटतो. जे मनात नव्हते ते त्याने ओठांवर आणले नाही, आणि तरीही तो रोज येऊन बसला. वेदीवर दान ठेवायला आलेल्याला भावाचे काही गाऱ्हाणे आठवले तर दान तेथेच ठेवून आधी समेट करून यावे, असे येशूने सांगितले आहे. राग घेऊन सूर्य मावळू देऊ नये, असे संत पौल इफिसकरांना बजावतो. ही वचने ख्रिस्ती घरांत सर्वांना पाठ असतात. पण ती दर संध्याकाळी पुन्हा पुन्हा समोर येऊन उभी राहिली नाहीत, तर सूर्य सुखाने मावळत राहतो आणि रागही तेवढ्याच सुखाने नांदत राहतो.

कोरडे दिवस

रोजच्या नेमात आणखी एक गोष्ट अटळ आहे, आणि तिच्याविषयी धर्मोपदेशक पुरेसे बोलत नाहीत. ती म्हणजे कंटाळा. काही दिवस प्रार्थनेत गोडी वाटते, डोळे भरून येतात. मग एकाएकी सारे कोरडे पडते. शब्द तेच, जागा तीच, पण पलीकडे कोणी ऐकत आहे असे वाटत नाही. पुष्कळ माणसे याच टप्प्यावर नेम सोडतात आणि आपली श्रद्धा आटली असे समजतात. त्यांना अव्हिलाच्या संत तेरेझाची साक्ष द्यावीशी वाटते. सोळाव्या शतकातल्या या स्पॅनिश संतिणीला चर्चने प्रार्थनेची आचार्या मानले आहे. तिने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले आहे की कित्येक वर्षे प्रार्थनेला बसल्यावर तिचे लक्ष देवाकडे कमी आणि तास संपल्याचा ठोका कधी पडतो याकडे अधिक असे. ती बसत मात्र राहिली. आपल्या काळातल्या मदर तेरेसांची खाजगी पत्रे त्यांच्या निधनानंतर दहा वर्षांनी, २००७ साली, पुस्तकरूपाने बाहेर आली तेव्हा जग चकित झाले. कोलकात्याच्या रस्त्यांवर मरणोन्मुख माणसांना उचलणाऱ्या या बाईंना जवळजवळ पन्नास वर्षे अंतर्यामी देवाच्या सहवासाचा अनुभव नव्हता, काळोख होता. काही टीकाकारांनी त्यांना दांभिक ठरविले. आम्हाला त्यात दंभ दिसत नाही. पहाटे उठून प्रार्थनागृहात बसणे आणि तेथून उठून रोग्यांकडे जाणे, हा क्रम त्यांनी भावनेच्या आधाराशिवाय चालविला. २०१६ साली चर्चने त्यांना संतपद दिले ते ही पत्रे डोळ्यांपुढे ठेवूनच.

ज्यांना बसायलाच सवड नाही त्यांचे काय, असे कोणी विचारील. घरातल्या बायकांनी हा प्रश्न विचारण्याचा अधिकार सर्वांत आधी कमावला आहे, कारण प्रार्थनेच्या वेळी चुलीवरचे दूध बहुधा त्यांनाच पाहावे लागते. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात लॉरेन्स नावाचा एक बंधू होता. पूर्वाश्रमीचा शिपाई, शिक्षण बेताचे, पाय अधू. मठात त्याच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि त्या कामाची त्याला मुळीच आवड नव्हती. अशा माणसाने वर्षानुवर्षे भांड्यांच्या गोंगाटात देवाशी मनातल्या मनात बोलण्याचा सराव केला. पुढेपुढे कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ यांत त्याला भेद वाटेनासा झाला. कढईतला पदार्थ उलटतानाही तो ते देवासाठी करी. १६९१ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या नावावर एकही ग्रंथ नव्हता. त्याची संभाषणे आणि पत्रे एका धर्मगुरूने गोळा केली, आणि ते छोटेसे पुस्तक पुढे कॅथलिक व प्रॉटेस्टंट अशा दोन्ही घरांत पोहोचले. अर्थात हा सराव सोपा आहे असे कोणी समजू नये. लॉरेन्सला स्वतःला आरंभीची सुमारे दहा वर्षे बरीच अस्वस्थतेत काढावी लागली.

आजच्या घरांची अडचण मात्र लॉरेन्सच्या वेळी नव्हती. वसई-विरारचा नोकरदार सायंकाळच्या घंटेच्या वेळी गाडीत लोंबकळत असतो. तो घरी पोहोचतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात, मुले शिकवणीहून नुकतीच आलेली असतात आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो. कित्येक घरांत प्रार्थना सातावरून नवावर गेली, मग रविवारवर गेली, आणि काही घरांत ती आता आजीपुरतीच उरली आहे. ध्वनिमुद्रित जपमाळ मोबाईलवर लावून लोकलमध्ये ऐकणारी माणसेही आम्ही पाहतो. त्यांना आम्ही नावे ठेवणार नाही. याच गाड्यांतून टाळ-चिपळ्यांवर भजने रंगतात आणि त्यांतही भक्ती असतेच. पण कानातल्या त्या आवाजाला घरातल्या कोणाचे मिटलेले ओठ दिसत नाहीत. त्यासाठी दहा मिनिटे का होईना, एका खोलीत एकमेकांसमोर बसावे लागते. वेळ कोणती, हा मुद्दा गौण आहे. दार लावून एकांतात प्रार्थना करावी असे येशूने सांगितले, आणि दहा बाय बाराच्या खोलीत सहाजण राहणाऱ्यांनी कोणते दार लावावे, असा प्रश्न आम्हाला पूर्वी पडे. अशा खोल्यांतून वाढलेली माणसे सांगतात की रात्री दिवा मालवला की तेच त्यांचे दार असे.

चर्चची दिनदर्शिका तयार करणाऱ्यांना हे सारे ठाऊक असावे. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, सव्वीस डिसेंबरला, ती संत स्तेफनचे स्मरण करावयास लावते. श्रद्धेपायी दगडांच्या माराने मेलेला हा पहिला हुतात्मा. आणि मरताना मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा. अठ्ठावीस तारखेला हेरोदाने मारलेल्या बालकांचा दिवस येतो. करंज्यांचा डबा अजून संपलेला नसतो, आणि सायंप्रार्थनेत ही नावे येतात. कुटुंबात कोणाचे कोणाशी बिनसले असेल तर बंद झालेले बोलणे सुरू करायला सव्वीस तारीख पंचवीसपेक्षा बरी, असे आम्हाला वाटते. त्या दिवशी पाहुण्यांची गर्दी नसते.

जानेवारीच्या आरंभी तीन राजांचा सण येतो. गोव्यात रेइश मागुश, कांसावली आणि चांदर येथे तो सहा तारखेला थाटाने होतो. काही घरांत तोपर्यंत या राजांच्या मूर्ती गोठ्यापासून दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या असतात. घरातले सर्वांत लहान मूल त्यांना रोज सायंकाळी प्रार्थनेनंतर वीतभर पुढे सरकवते. कधी उंट मध्येच टेबलाखाली सापडतो, कधी एखादा राजा दोन दिवस मागे राहतो. सण झाला की देखावा उतरवतात. गवत गोठ्यात जाते, मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातात, कदाचित याच पानातही, आणि त्या संध्याकाळी घरची माणसे पुन्हा भिंतीवरच्या लहानशा वेदीसमोर बसतात.